वहाळांची पाणलोट क्षेत्रं: कमी गणितात काढायची आणि कमी जागेत ठेवायची कशी?

माथा_ते_पायथा

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यातल्या काही वाड्यांसाठी आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात एक काम करतो. पाऊस सरला की गावोगाव वहाळांवर (ओढ्यांवर) कच्चे बंधारे घालायची धांदल सुरू होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाळू-माती, आणि श्रमदानाला येतो म्हणून न आलेली मंडळी, हे सगळं ठरलेलं. बंधारा कुठे घालायचा ते गाव ठरवतं. त्या जागी वरून किती क्षेत्राचं पाणी येतं, म्हणजे तिचं पाणलोट क्षेत्र, ते आम्ही काढून देतो.

पद्धत नेहमीचीच: ३० मीटरचा डीईएम (दर ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची देणारा नकाशा), क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, खळगे भरणे, प्रवाहदिशा, मग बंधाऱ्याच्या जागेवर टिचकी मारून वरचं क्षेत्र. अडचणी दोन.

एक, दर टिचकीला संगणक अख्खं रास्टर (चौकोनी सेलांची जाळी) पुन्हा चाळत बसतो. आमचा लॅपटॉप म्हातारा आहे, पंखा ओरडायला लागतो.

दोन, साठवण. वरच्या वाडीचं क्षेत्र खालच्या वाडीच्या क्षेत्रात आख्खं सामावलेलं, ती दोन्ही त्याच्या खालच्यात. म्हणजे एकच जलविभाजक रेषा (दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारी माथ्याची रेघ) दहा-दहा पॉलिगॉनमध्ये (बंद आकृत्यांमध्ये) पुन्हा पुन्हा. फाइल इतकी फुगलीय की व्हॉट्सॲपवर जात नाही आणि सरपंचांच्या मोबाईलवर उघडत नाही.

जाणकारांनी मार्ग सुचवावा.

खाडीवाला

कोकणात आधीच बांधावरून कोर्टकचेऱ्या कमी आहेत का, की आता पाण्याच्याही हद्दी काढताय? बाकी चालू द्या. खुर्ची टाकून बसलोय.

रास्टरराव

चांगला विषय. आधी आवाका बघू, म्हणजे घाबरायचं कारण उरणार नाही.

कोकण विभाग तीस हजार चौरस किमीच्या थोडा वर. ३० मीटरचा सेल ९०० चौ. मीटरचा, म्हणजे अख्ख्या कोकणाचे साधारण ३.४ कोटी सेल. उंचीला सेलमागे दोन बाइट धरले तर ६८ एमबी. म्हाताऱ्या लॅपटॉपच्या मेमरीतही हे सहज मावतं. तेव्हा हार्डवेअरला बोल लावू नका. तेच काम पुन्हा पुन्हा करून घेतलं जातंय, हा खरा दोष.

प्रवाहदिशेसाठी तुम्ही वापरता ती डी८. ओकॅलहन आणि मार्क यांची १९८४ ची पद्धत: आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे उतार सगळ्यात तीव्र, पाणी तिकडे. साधी आहे, आणि त्या साधेपणाचाच पुढे फायदा होतो.

खळगे भरायला प्रायॉरिटी-फ्लड वापरा. समुद्राकडून आत यायचं. कडेचे सेल रांगेत घालायचे, सगळ्यात कमी उंचीचा आधी बाहेर काढायचा, त्याचे शेजारी रांगेत टाकायचे. शेजारी खोलगट निघाला तर त्याची उंची काढलेल्या सेलएवढी करायची. प्रत्येक सेल रांगेत एकदाच जातो. एसआरटीएम या रडारने मोजलेल्या डीईएमसारख्या पूर्ण मीटरमधल्या उंच्या असतील तर रांगेऐवजी उंचीचे कप्पेच करता येतात. कळसूबाई १६४६ मीटर, तेव्हा सतराशे कप्पे पुरे, वर्गवारीचा खर्च जवळपास शून्य. कोपर्निकसच्या डीईएममध्ये उंच्या दशांशात असतात, तिथे ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

दोन सूचना. रास्टर घाटमाथ्यावर कापू नका, पूर्वेला चांगली रुंद पट्टी घ्या. नाहीतर कापलेल्या कडेवरून पाणी "बाहेर" जातं आणि पाणलोट तिथेच तुटतं. आणि एका सॉफ्टवेअरची दिशा दुसऱ्यात नेताना सांभाळा. आर्कजीआयएसमध्ये पूर्व म्हणजे १, आग्नेय २, दक्षिण ४, असे दुप्पट होत ईशान्येला १२८. ग्रासमध्ये ईशान्य म्हणजे १ आणि तिथून डावीकडे फिरत पूर्व म्हणजे ८. दोन्हींत १, २, ४, ८ येतात, त्यामुळे चूक झाली तरी नकाशा दिसायला झकास दिसतो. फक्त शास्त्री नदी घाट चढते.

सोलकढी

"शास्त्री नदी घाट चढते" :))

वाचतेय. लोकांना कळेल असं लिहिताय, आभार.

निवृत्त_ओव्हरसियर

मी जुन्या वळणाचा माणूस. आम्ही १:५०,००० च्या टोपोशीटवर (तुमचा भाग ४७ जी मध्ये येतो) ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने जलविभाजक काढत असू. निळ्या रेघांची टोकं बघायची, कंटूरला (समान उंचीच्या रेघेला) काटकोनात वर चढायचं, माथ्यावर पोचलं की दुसरीकडून उतरायचं. क्षेत्रफळ प्लॅनिमीटरने. एका दुपारी दोन पाणलोट होत, पण पोरांनो, त्या दोन पाणलोटांतली प्रत्येक घळ हाताखालून जात असे. आता टिचकी मारून शंभर निघतात आणि त्यातली निम्मी कुणी उघडूनही बघत नाही.

कोकणाचा सडा (जांभ्याचं सपाट माळरान) तुमच्या यंत्राला कळत नाही. सड्यावर ढाळ असतो हातभर, आणि पाणी कुठे जाणार ते ठरवतो एखादा गडगा (दगडी बांध) किंवा जुनी पाखाडी (दगडी पायवाट).

रास्टरराव

काका, सड्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण टोपोशीटवरही कंटूर २० मीटरचे. दोन कंटूरमध्ये अख्खा सडा बसतो आणि तिथे कागद कोराच असतो. तुमची पेन्सिलही तिथे अंदाजानेच चालत असणार.

निवृत्त_ओव्हरसियर

चालत असे. पण संध्याकाळी सायकल काढून बघून येत असू.

घाटमाथा

डीईएम कुठला वापरताय हे धागाकर्त्यांनी लिहिलं नाही, आणि इथे मोठा फरक पडतो.

एसआरटीएमची उड्डाणं फेब्रुवारी २००० मधली. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यांवर रडारची सावली पडते, मूळ माहितीत तिथे भोकं होती आणि ती नंतर बुजवलेली आहेत. कार्टोडीईएम आपल्या कार्टोसॅट-१ चा (उपग्रह २००५ चा), इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर फुकट मिळतो. कोपर्निकस ३० मीटरचा टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांवरून काढलेला, कड्यांवर मला तो सगळ्यात बरा वाटला. पण हे सगळे वरचा पृष्ठभाग मोजतात. काजू-हापूसच्या बागा आणि राया जिथे दाट, तिथे "जमीन" झाडाच्या शेंड्यापर्यंत वर येते. अरुंद पऱ्याच्या (लहान ओढ्याच्या) दोन्ही काठांना झाडी असली की डीईएममध्ये पऱ्या बुजतो. मग खळगे भरताना तिथे खोटं तळं तयार होतं, आणि पाणी भलत्या खिंडीतून बाहेर पडतं. झाडं-इमारती वजा केलेला फॅबडीईएम मिळतो, तो लावून बघा.

साडेबारा मीटरचा आलोस डीईएम बघून भुलू नका. त्यातल्या उंच्या मुळात ३० मीटरच्याच डीईएममधून आलेल्या आहेत, सेल बारीक म्हणून माहिती बारीक होत नाही.

मालवणी_मुंगूस

आमच्या कुडाळात पाऊस पडलो काय व्हाळ खंय जाता ता देवाकच ठावक. तुमी सेल मोजीत बसा.

बिट्सबाई

धागाकर्त्यांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, जरा सविस्तर लिहिते.

डी८ मध्ये प्रत्येक सेलचं पाणी नेमक्या एकाच सेलमध्ये जातं. म्हणजे समुद्राच्या मुखाशी मूळपुरुष, आणि वर डोंगरात त्याचा वंशविस्तार, अशी ही वंशावळ आहे. बंधाऱ्याचं पाणलोट म्हणजे त्या सेलचे सगळे वंशज. आता क्रमांक द्या: मूळपुरुषाला १, मग पहिल्या मुलाची पूर्ण शाखा नातवंडा-पणतवंडांसकट संपवायची आणि मगच दुसऱ्या मुलाकडे वळायचं. असे क्रमांक दिले की कुठल्याही सेलचे सगळे वंशज सलग क्रमांकात येतात. मध्ये परका कुणी नाही.

एखाद्या घराण्यात किती माणसं, म्हणजे वरून किती सेल येतात, हे तुमच्याकडे आधीच आहे. त्यालाच आपण फ्लो ॲक्युम्युलेशन म्हणतो. बंधाऱ्याच्या सेलचा क्रमांक ५००१ आणि त्याचं ॲक्युम्युलेशन स्वतःला धरून १२०० असेल, तर त्याचं पाणलोट म्हणजे ५००१ ते ६२०० या क्रमांकांचे सगळे सेल. विषय संपला. एखादा सेल या पाणलोटात आहे का, हे विचारायला रास्टर चाळायचं नाही, दोन तुलना करायच्या.

क्रमांक द्यायलाही फार काही लागत नाही. खालून वर येताना पालकाच्या क्रमांकात एक मिळवा, आधीच्या भावंडांची ॲक्युम्युलेशन मिळवा, मुलाचा क्रमांक तयार. सगळ्या सेलवरून एक फेरी. पायथनमध्ये लिहिणार असाल तर स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन लिहू नका. तिथे मर्यादा मुळात १००० पातळ्यांची असते आणि नदी हजार सेलांत कुठली संपायला. स्वतःची यादी ठेवून फिरा.

साठवण: क्रमांकाला चार बाइट, ॲक्युम्युलेशनला चार. अख्ख्या कोकणाला २७२ एमबी, आणि त्यात ३.४ कोटी पाणलोटं आली, तुम्ही अजून न ठरवलेल्या बंधाऱ्यांचीसुद्धा. ईमेलने पाठवायचं असेल तर तेही नको, नुसत्या दिशा पाठवा. आठ दिशांना तीन बिट पुरतात, म्हणजे सगळं कोकण १३ एमबीच्या आत. क्रमांक समोरच्याने आपल्या यंत्रावर पुन्हा काढून घ्यायचे. तुमची बंधाऱ्यांची फाइल मग नुसता तक्ता: गाव, वाडी, अक्षांश-रेखांश, सेलचा क्रमांक, क्षेत्र.

सोलकढी

बिट्सबाई, दंडवत! वंशावळीचं लगेच कळलं. आमच्या भावकीत सलग क्रमांकाचे लोक एका सातबाऱ्यावर आहेत आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तो भाग वेगळा.

माथा_ते_पायथा

बाई, हे भन्नाट आहे. पण ग्रामसभेला क्रमांक दाखवून चालत नाही, रेषा लागते. रेषा काढायची तर पुन्हा सगळे सेल रंगवणं आलंच ना?

बिट्सबाई

नाही. रेषेवरून चालत जायचं. बंधाऱ्याच्या सेलच्या कोपऱ्यावर उभं राहा आणि पाणलोट कायम डाव्या हाताला ठेवून पुढे सरका. प्रत्येक कोपऱ्यावर समोरचे दोन सेल तपासा, आतले की बाहेरचे, आणि त्यावरून सरळ जायचं की वळायचं ते ठरवा. तपासणी म्हणजे त्याच दोन तुलना. फिरून मूळ जागी आलात की सीमा झाली. आतल्या सेलांना हात लावायचाच नाही.

१०० चौ. किमीच्या पाणलोटात लाखावर सेल असतात. त्याची सीमा वेडीवाकडी धरून ७५ किमी म्हटली तर सेलांच्या कडा निघतात अडीच हजार. खर्च अडीच हजारांचा, लाखाचा नाही. पाणलोट जेवढं मोठं तेवढा हा फरक वाढत जातो.

ही सीमा ठेवायचीच असेल तर सुरुवातीचा कोपरा आणि पुढे दर पावलाला सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे, एवढंच ठेवा. पावलाला दोन बिट, म्हणजे अडीच हजार पावलांना सव्वासहाशे बाइट. तीच सीमा जिओजेसन या नकाशाच्या फाइलप्रकारात प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश सात-आठ दशांशांनी लिहून ठेवली तर साठ-सत्तर केबीच्या घरात जाते.

रास्टरराव

फक्कड. एक खाच मात्र आहे. डी८ मध्ये पाणी तिरपंही जातं, त्यामुळे पाणलोटाचे दोन भाग कधीकधी नुसत्या एका कोपऱ्याने जोडलेले असतात. अशा कोपऱ्यावर कुठे वळायचं याचा नियम आधीच ठरवून घ्या, नाहीतर अर्धं पाणलोट बाहेर राहील आणि क्षेत्रफळ जुळणार नाही. नियम बरोबर लावला तरी सीमा त्या बिंदूत स्वतःला शिवते, आणि मग क्यूजीआयएस "अवैध भूमिती" म्हणून चुका दाखवतं. घाबरू नका. क्षेत्रफळ आणि ॲक्युम्युलेशन जुळतंय का ते बघा, तीच खरी परीक्षा.

पोस्टजीआयएस_पंथी

एवढी उठाठेव कशाला? पोस्टजीआयएस डेटाबेसमध्ये पॉलिगॉन टाका, इंडेक्स लावा, झोपा. डिस्क आज स्वस्त आहे.

बिट्सबाई

डिस्क स्वस्त आहे, पण संगमेश्वरच्या आतल्या वाडीत रेंज नाही. त्यांना ते मोबाईलवर, नेटशिवाय हवंय. शिवाय पॉलिगॉन टाकाल तर ठरवलेल्या बंधाऱ्यांचेच टाकाल. गावकरी जागेवर गेल्यावर "इथे नको, त्या आंब्याखाली घालू" म्हणाले की तुमचा इंडेक्स काय करणार?

पोस्टजीआयएस_पंथी

हा मुद्दा बरोबर. पण मग निदान पॉलिगॉनची टोपॉलॉजी तरी ठेवा: सामाईक रेषा एकदाच साठवायची, आणि दोन्ही बाजूंनी तिचा नुसता उल्लेख करायचा. टोपोजेसन हेच करतं. याचा दुसरा फायदा म्हणजे रेषा सौम्य करताना शेजाऱ्यांमध्ये फटी पडत नाहीत. प्रत्येक पॉलिगॉन वेगवेगळा सौम्य केला की दोन पाणलोटांच्या मध्ये कुणाच्याच मालकीची नसलेली चिंचोळी पट्टी उरते. मग असाच कुणीतरी धागा काढतो.

घाटमाथा

+१. छापील नकाशासाठी हेच करा. चालू गणितासाठी बाईंचे क्रमांक.

सोलकढी

अवांतर: शेपफाइलमध्ये (नकाशाच्या एका जुन्या फाइलप्रकारात) मराठी रकाने कसे ठेवता? माझ्या सगळ्या नावांचं "पाण" होऊन प्रश्नचिन्हं येतात.

पोस्टजीआयएस_पंथी

शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून. म्हणजे तीन चिन्हांत तुमचा रकाना संपतो. "पाणलोट"ला लागतात अठरा बाइट. रकान्याचं नाव रोमन ठेवा, आतली माहिती मराठीत ठेवा आणि सोबतची, अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सीपीजी फाइल हरवू नका. त्याहून बरं म्हणजे जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरा आणि शेपफाइलला नारळ द्या.

खाडीवाला

आता माझा गंभीर प्रश्न. चिपळूणकर म्हणून विचारतो. तुमचा डीईएम वाशिष्ठीचं पाणलोट घाटमाथ्यावर संपवणार. पण कोयना जलविद्युत प्रकल्पाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठीत येतं. कृष्णा खोऱ्यातला पाऊस, वाहतो आमच्या पुलाखालून. कृष्णा लवादाच्या पहिल्या निवाड्यात पश्चिमेला वळवायच्या या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे किरकोळ गोष्ट नाही. तुमच्या वंशावळीत हा दत्तक कुठे बसतो?

बिट्सबाई

दत्तकच! तो वंशावळीत घालायचा नाही, कारण तो उतारावरून येत नाही, झडप उघडल्यावर येतो. पोफळीच्या सेलवर वेगळी नोंद ठेवायची: "इथे बाहेरून पाणी येतं." क्षेत्रफळ डीईएमचं, पाण्याचा हिशोब वेगळा.

घाटमाथा

असंच भिऱ्याला. मुळशीचं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं, टाटांच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं. उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग चालतं ते या पाण्यावर.

खाडीवाला

२२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी बघितलेल्या माणसाला "हिशोब वेगळा" म्हणून समाधान होत नाही हो. तेव्हापासून गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो...

रास्टरराव

खाडीवाले, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे मूळ विषय चाललाय तो चालू द्या.

खडूस_जलशास्त्री

उशिरा आलो. सगळे डी८ ची आरती ओवाळताय म्हणून विचारतो. सड्यावर पाणी एका दिशेला जात नाही, पसरतं. तिथे एकच दिशा ठरवली की समांतर सरळ रेघा निघतात, निसर्गात तसं काही नसतं. टार्बोटनची डी-इन्फिनिटी १९९७ पासून उपलब्ध आहे, पाणी दोन शेजाऱ्यांत वाटून देते. ती का नाही?

बिट्सबाई

कारण पाणी वाटलं की वंशावळ मोडते. एका सेलला दोन पालक झाले, सलग क्रमांक गेले, आणि "आत की बाहेर" याचं उत्तर "साठ टक्के आत" असं यायला लागलं. ओलावा किंवा माती वाहून जाण्याचा अभ्यास असेल तर डी-इन्फिनिटीच वापरावी. हद्द काढायची असेल तर कुठेतरी हो-नाही करावंच लागतं.

खडूस_जलशास्त्री

अर्धवट सहमत. मग नकाशावर सड्याच्या भागातली रेषा तुटक काढा. ठाम रेषा बघितली की लोक ती खरी मानतात, आणि उद्या त्यावर निधीवाटप होतं.

निवृत्त_ओव्हरसियर

जलशास्त्री म्हणतात ते सोन्यासारखं आहे. तुटक रेषा काढा, आणि तिथे पावसात जाऊन बघा.

आता रस्त्याखालच्या मोऱ्यांबद्दल कुणीच बोललेलं नाही. चौपदरी महामार्गाचा भराव जिथे घातलाय तिथे डोंगराकडच्या अंगाला उभं राहिलात तर दिसेल. वरून येणारे तीन वहाळ पूर्वी तीन मोऱ्यांतून पलीकडे जात. आमच्या जवळच्या एका टप्प्यात भराव पडल्यावर मधली मोरी बुजली. आता तो मधला वहाळ भरावाला थडकतो, लाल गढूळ पाणी गटाराच्या कडेकडेने पन्नासेक पावलं आडवं धावतं आणि शेजारच्या मोरीत घुसतं. खालच्या वाडीची विहीर मधल्या वहाळावर होती, तिचं पाणी कमी झालं. शेजारच्या वहाळाने मात्र कुणाच्या तरी भातखाचराचा बांध नेला. कोकण रेल्वेच्या भरावाचंही जागोजागी असंच आहे. हे तुमच्या २००० सालच्या उंच्यांत दिसणार आहे का?

रास्टरराव

काका, याला तोड नाही. आणि बरोबर आहे, नाही दिसणार. ३० मीटरच्या सेलमध्ये मोरी दिसत नाही. भराव कधी दिसतो, कधी नाही. उपाय एकच: मोऱ्यांची यादी. जी मोरी चालू आहे तिथे डीईएममध्ये भराव फोडून वाट काढायची, जी बुजलीय तिथे वाट बंद करायची. पण मूळ डीईएमला हात लावायचा नाही. दुरुस्त्या वेगळ्या तक्त्यात ठेवायच्या: जागा, काय केलं, कुणी कधी बघितलं. गणित करताना मूळ डीईएम अधिक दुरुस्त्या. उद्या मोरी साफ झाली की ती एक ओळ बदलायची.

घाटमाथा

खरी किंमत या यादीलाच आहे. डीईएम कुणीही उतरवून घेईल, क्रमांक कुणीही काढेल. मोऱ्या, साकवाजवळ वळवलेले पऱ्ये, सड्यावरचे गडगे, हे उपग्रहाला सापडत नाही.

मालवणी_मुंगूस

खाडीकडचा इसरलात. खारबंदिस्तीच्या (खारा पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आत उघाडी असता. ओहोटीक पाणी भायर, भरतीक दार बंद. तुमचो सेल खंय बघता?

रास्टरराव

मुंगूसराव, नेमका प्रश्न! खाजणात (भरतीच्या दलदलीत) उंच्या शून्याच्या आसपास, वर कांदळवनाचे शेंडे मोजलेले. तिथे दिशा काढणं म्हणजे नुसता जुगार. मी भरती-ओहोटीची सगळी खाडी एकच "समुद्र" धरून बाजूला काढतो आणि वहाळ खाडीला मिळतो तिथेच मुख मानतो. खारबंदिस्तीची उघाडी ही काकांच्या यादीत आणखी एक ओळ.

माथा_ते_पायथा

मंडळी, सगळं वाचून एक करून बघितलं. कोपर्निकसचा तुकडा, घाटमाथ्याच्या पलीकडे पट्टी ठेवून. खाडी बाजूला. प्रायॉरिटी-फ्लड, डी८, बिट्सबाईंचे क्रमांक. आता टिचकी मारली की सीमा लगेच समोर येते, पंखा फिरतही नाही. फुगलेल्या फाइलच्या जागी एक दिशांचं रास्टर आणि एक तक्ता.

मोऱ्यांचीही यादी सुरू केलीय. पण एक शंका. यादीत एक ओळ बदलली की एक शाखा एका वहाळातून दुसऱ्यात जाते, म्हणजे पुढचे सगळे क्रमांक सरकणार. दर वेळी सगळं कोकण पुन्हा मोजायचं?

बिट्सबाई

इथे सह्याद्रीने आपलं काम सोपं करून ठेवलंय. घाटमाथा समुद्रापासून इतका जवळ की कोकणातल्या नद्या आखूड, आणि प्रत्येकीचं समुद्राशी स्वतंत्र मुख. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. गोदावरी-कृष्णेसारखं सगळं एका खोडाला जाऊन मिळत नाही. म्हणजे प्रत्येक नदीची वंशावळ वेगळी, क्रमांक एकपासून वेगळे, फाइल वेगळी. संगमेश्वरातली मोरी बदलली की फक्त शास्त्रीची फाइल पुन्हा करायची, वाशिष्ठीला धक्का लागत नाही. आणि एका नदीचं पुन्हा मोजणं तुमच्या म्हाताऱ्यालाही जड नाही. क्रमांक अर्धे सरकवायच्या युक्त्या आहेत, पण एवढ्यासाठी त्यांत पडू नका.

एकच काळजी: दुरुस्तीमुळे पाणी दोन नद्यांमधला जलविभाजक ओलांडत असेल, तर दोन्ही फाइली करा. असं सड्यावरच होईल.

खडूस_जलशास्त्री

आणि प्रत्येक फाइलच्या नावात डीईएमची आवृत्ती आणि दुरुस्त्यांच्या यादीची तारीख घाला. बंधाऱ्याच्या तक्त्यात नुसता सेल क्रमांक ठेवलात तर पुढच्या मोजणीनंतर तो भलत्याच सेलचा असेल. अक्षांश-रेखांश हीच खरी ओळख, क्रमांक त्या आवृत्तीपुरता.

माथा_ते_पायथा

हे फार महत्त्वाचं, लगेच करतो. ओव्हरसियरकाका, ग्रामसभेसाठी कसा नकाशा काढू?

निवृत्त_ओव्हरसियर

ए-थ्री कागद, काळा-पांढरा, म्हणजे झेरॉक्स निघते. वहाळ जाड, सीमा बारीक, सड्यावर तुटक. वाड्यांची नावं, देऊळ, शाळा, मोठी झाडं घाला, लोक त्यावरूनच वाचतात. मोऱ्यांना आकडे द्या आणि समास मोकळा सोडा, लोक पेनाने दुरुस्त्या लिहून देतील.

मालवणी_मुंगूस

गड नि कर्लीच्या मोऱ्ये मी देतंय. फॉरमॅट टाका.

माथा_ते_पायथा

मुंगूस, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रकान्यांची नावं रोमन आहेत, बाकी सगळं मराठीत भरा.